पाटीची मागची बाजू

तीर्थस्वरूप दाजी,

साष्टांग नमस्कार. (साष्टांग मनातल्या मनात घातला आहे. कंबर हल्ली जमिनीपर्यंत जाते, परत यायला मात्र खळखळ करते.) आपली प्रकृती, रक्तदाब आणि खुर्ची तिन्ही स्थिर असतील अशी आशा आहे. रोज सकाळी देवापुढे बसलो की मी घरातल्या सगळ्यांची आठवण काढतो, त्यात तुमचा नंबर चौथा लागतो, आईच्या गुडघ्यानंतर लगेच. गुडघ्याला आता आराम आहे. आई घरातल्या घरात चालते, आणि अंथरुणावर असताना जे जे दिसत नव्हतं ते सगळं बघून त्यावर बोलते. ताई मंगळवारी इथे सुखरूप पोहोचली. गुडघ्याची काळजी वाटली म्हणून आले, असं तिने चपला काढता काढताच सांगितलं. आम्ही काही विचारलं नव्हतं.

पत्र लिहायला तसं खास कारण नाही. फोन केला असता, पण फोनवर तुम्ही "मुद्द्याचं बोल" म्हणता, आणि माझा मुद्दा पायी चालत येणारा आहे, त्याला वाटेत बसायला लागतं. शिवाय तुमचं अभिनंदन करायचं राहून गेलं होतं. तुम्ही राजधानीत परिवहन खात्याच्या आठव्या मजल्यावर बसून गाड्यांच्या नंबरपाट्यांची नवी पद्धत आणलीत, आणि मी इथल्या परिवहन ऑफिसच्या फाटकासमोर, सहा फूट बाय चार फूट पत्र्याच्या दुकानात बसून, अठ्ठावीस वर्षं त्याच पाट्या हाताने रंगवल्या. म्हणजे एका अर्थी आपण दोघं एकाच खात्यात. तुम्ही आतून, मी समोरून. तुमच्याकडे लिफ्ट आहे, माझ्याकडे स्टूल आहे, एवढाच फरक.

तुमच्या आधीही पद्धती बदलल्याच होत्या म्हणा. मी धंद्यात आलो तेव्हा काळी पाटी आणि तिच्यावर पांढरे आकडे, तेही फार तर चार. गावात गाड्या इतक्या कमी की लोक माणसांना नंबरावरून ओळखायचे. एकशे बारा घाईने गेले म्हणजे डॉक्टर कुणाकडे तरी निघालेत. सातशे सहा दारात उभे म्हणजे विमा एजंट आला, घरात कुणी नाही म्हणून सांगा. मग सरकारच्या लक्षात आलं की एवढ्या आकड्यांत देश मावत नाही, म्हणून आकड्यांच्या आधी जिल्ह्याचं अक्षर आलं. मग काळ्यावरचं पांढरं दिसत नाही असं कुणाला तरी दिसलं, म्हणून पांढऱ्यावर काळं आलं. भाड्याच्या गाड्यांना पिवळं. मग एका अक्षराला सोबत म्हणून दुसरं अक्षर. आता नंबर इतका लांब झाला आहे की धडक देऊन पळणाऱ्या गाडीचा नंबर लक्षात ठेवायचा तर सोबत एक कारकून बाळगायला हवा. पण खोटं कशाला बोलू, यातल्या प्रत्येक बदलाला मी हात जोडले आहेत. कारण प्रत्येक बदलाच्या दुसऱ्या दिवशी अख्खं गाव माझ्या दुकानासमोर रांगेत उभं असायचं. सरकार चुकलं तरी मला काम आणि सरकारने चूक सुधारली तरी मला काम. एवढी एकनिष्ठ प्रजा तुम्हाला दुसरी मिळाली नसती.

तुमचा बदल मात्र वेगळाच निघाला. यंत्रात दाबून काढलेली पाटी, वर उठलेले आकडे, कोपऱ्यात चकाकणारा चांदीचा शिक्का, आणि एकदा ठोकला की पुन्हा न निघणारा रिव्हेट. शिवाय नियमावलीत एक ओळ: हाताने रंगवलेली पाटी ग्राह्य धरली जाणार नाही. ती ओळ मी दुकानात उभा राहून वाचली आणि मला तुमचं कौतुकच वाटलं. अक्षरं दाटीने बसवण्यात माझा हातखंडा आहे असं लोक म्हणतात, पण अठ्ठावीस वर्षं एवढ्याशा ओळीत बसवणं मला जमलं नसतं. दुकान तसं चालू आहे. "कुत्र्यापासून सावध", "येथे गाडी लावू नये", "दवाखाना वरच्या मजल्यावर" असल्या पाट्या रंगवतो. परवाना अजून आहे. (अजून हा शब्द मी विचार करून लिहिला आहे.)

इथे माझ्या कामाची एक पद्धत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. पत्रा कापून घासून झाला की पुढच्या बाजूला हात लावायच्या आधी मी तो उलटा करतो, आणि सगळ्यात बारीक ब्रशने मागे, खालच्या कोपऱ्यात, लिहितो: सुखरूप ये. वडील मालाचा ट्रक चालवायचे आणि आई त्यांना निघताना दारातून एवढंच म्हणायची. तेवढं लिहून झालं, वाळलं, की मग पाटी सुलटी करून नंबर. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. पाटी गाडीला लागली की मागची बाजू कुणाला दिसत नाही, ज्याला दिसायची त्याला दिसते. गावात तीन-चार हजार गाड्या असतील, त्या सगळ्या माझं वाक्य पोटाशी धरून फिरत होत्या आणि मालकांना वाटत होतं की आपण ब्रेक चांगले आहेत म्हणून घरी पोहोचतो.

असो. तीन महिन्यांपूर्वी तुम्ही आमच्या ऑफिसात नव्या कॅमेरा-फाटकाच्या उद्घाटनाला आला होता, तो दिवस मी विसरणार नाही. कॅमेऱ्याने पाटी वाचायची, पाटी खरी असेल तरच दांडा वर जाणार, असं ते फाटक. गर्दीत मीही उभा होतो. सगळ्यांत पुढे तुमची गाडी आली. कॅमेऱ्याने तिच्याकडे पाहिलं, पडद्यावर तुमचा नंबर अक्षरन् अक्षर उमटला, दांडा वर गेला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. मी सगळ्यांत जास्त वेळ वाजवल्या, शेजारच्याने माझ्याकडे वळून पाहिलं. मग तुमचं भाषण. माणसाच्या हाताचा भरवसा नाही, तो आज स्थिर असतो, उद्या थरथरतो, यंत्राची अचूकता हाताला कधी आली नाही आणि येणार नाही, असं तुम्ही म्हणालात. माझ्याकडे बघून म्हणालात असं आईचं म्हणणं आहे. मी तिला समजावलं की दाजी मनाने तसे नाहीत, ते कुणाकडेच बघत नाहीत.

त्यानंतर कायद्याला मान देऊन सगळ्यांत आधी मीच स्कूटर घेऊन नव्या पाटीसाठी गेलो. नंबर लागला, तारीख मिळाली, पाकीट आलं. पाकिटात दोन पाट्या. पुढची माझ्या नंबराची, मागची दुसऱ्याच कुणाच्या तरी. मी बसवणाऱ्या माणसाला ते दाखवलं. तो म्हणाला, "काका, पाकिटातून जे निघेल ते ठोकायचं. वाचायचं काम आमच्याकडे नाही." आणि ठोकलं. आता रिव्हेट काढणं गुन्हा, पाटी बदलणं गुन्हा, पाटीशिवाय गाडी चालवणं तर गुन्हाच. तक्रारीच्या खिडकीवर सांगितलं की एकवीस दिवसांत निकाल लागेल. (एकवीस दिवस होऊन गेले. निकाल लागलेला नाही, मी मात्र निकालात निघालो.) चौकशीअंती समजलं की मागचा नंबर आमच्या आळीतल्या दूधवाल्याचा आहे, आणि त्याच्या स्कूटरला पुढे त्याचा स्वतःचा आणि मागे माझा नंबर ठोकला आहे. म्हणजे समोरून येताना मी मी असतो, आणि निघून जाताना दूधवाला होतो. तत्त्वज्ञान म्हणून वाईट नाही. देहाचं खरं रूप कुठलं, यावर मी दोन सकाळी विचारही केला. पण चौकातल्या हवालदाराला तत्त्वज्ञानात रस नाही.

मग दूधवाल्याने तोडगा काढला. दोघांनी सतत बरोबर हिंडायचं. तो पुढे, मी त्याच्या मागोमाग, कुणी अडवलं की दोन्ही स्कूटर शेजारी लावून दाखवायच्या, कारण आम्ही दोघं मिळून दोन कायदेशीर स्कूटर होत होतो. पंधरा दिवस मी पहाटे साडेपाचपासून त्याच्याबरोबर दारोदार फिरलो. लोकांना वाटलं पाट्यांचा धंदा बसला म्हणून पेंटर दुधात उतरला. कुणी मला उद्या अर्धा लिटर कमी टाका म्हणून सांगू लागलं, कुणी दूध पातळ आहे म्हणून माझ्याकडे बघू लागलं. मुख्याध्यापकांच्या सौभाग्यवतींनी तर सरळ विचारलं, "पेंटर, दुधातही टर्पेंटाइन घालता की काय?" दूधवाला हसला. मी हसलो नाही. मला टर्पेंटाइनचा अपमान वाटला.

सोळाव्या दिवशी दूधवाला माझ्या दुकानात येऊन स्टुलावर बसला आणि म्हणाला, "पेंटर, लग्न झाल्यावर बायकोसोबतसुद्धा मी एवढा फिरलो नाही. पुरे झालं. एक पाटी रंगवून द्या." मी म्हटलं, बंदी आहे. तो म्हणाला, "कोणाला कळतंय?" मी वर बोट दाखवलं. त्याला वाटलं मी आठवा मजला दाखवतोय. तो चिडून उठला, घरी गेला, तेलाच्या रिकाम्या डब्याचा पत्रा कापला, दाराचा उरलेला रंग घेतला आणि दात घासायच्या जुन्या ब्रशने स्वतःच स्वतःचा नंबर काढला. दाजी, मी त्या पाटीबद्दल काय सांगू! त्यातला आठ बघून मला त्याला पाणी पाजावंसं वाटलं, इतका तो आजारी होता. तीन असा वाकला होता की जणू काहीतरी खाली पडलंय आणि तो शोधतोय. आमच्या शाळेतले गुरुजी म्हणायचे, आकडा काढून झाल्यावर तो स्वतःच्या पायावर उभा राहिला पाहिजे. हा तर स्ट्रेचरवर ठेवायच्या लायकीचा होता.

ती पाटी लावून तो चौथ्या दिवशी पकडला गेला आणि पाचव्या दिवशी नोटीस मला आली. का, तर गावात पाट्या रंगवणारा मीच, दुकान ऑफिसच्या समोर, मग पाटी दुसऱ्या कुणी रंगवली असणार? दुकानाचा परवाना रद्द का करू नये, कारणं दाखवा. दूधवाला बिचारा तिथे जाऊन ओरडून सांगत होता की मीच रंगवली साहेब, मीच. पण नवे निरीक्षक हुशार आहेत. जो स्वतःहून कबूल होतो तो कुणाला तरी वाचवतोय, असं त्यांच्या प्रशिक्षणात आहे म्हणे.

सुनावणी त्यांच्याच खोलीत झाली. खोली म्हणजे तीन कपाटं आणि त्यांच्यामध्ये उरलेली जागा. पुरावा टेबलावर ठेवला होता. मला परवान्याची काळजी नव्हती असं नाही. त्या सहा बाय चारवर घर चालतं, आणि सकाळी उठून हात कुठे घेऊन जायचे हा प्रश्नही तिथेच सुटतो. पण खरं सांगतो, तो आठ माझ्या नावावर लागतोय याचीच लाज जास्त वाटली. मी म्हटलं, साहेब, हे मी काढलं असेल तर परवाना राहू द्या, माझा हातच जप्त करा. साहेब म्हणाले, मुद्दाम वाईट काढलं असेल, ओळखू येऊ नये म्हणून. आता मुद्दाम एवढं वाईट काढायलाही हात चांगला लागतो, पण ते मी बोललो नाही. मी एवढंच म्हटलं की पाटी उलटी करा. उलटी केली. मागे सूर्यफुलाचं चित्र आणि "शुद्ध व हलके" असे छापील शब्द. मग मला अठ्ठावीस वर्षांची गोष्ट सांगावी लागली. साहेबांचा विश्वास बसेना. तेव्हा त्यांनी मागच्या अंगणातून जुन्या पाट्या मागवल्या, तुमच्या नियमाने लोकांकडून काढून घेतलेल्या, ढीग पडला आहे तिथे. शिपाई हाताला येतील तशा दहा घेऊन आला आणि टेबलावर पालथ्या मांडल्या. दहाच्या दहा. सुखरूप ये, सुखरूप ये, सुखरूप ये. बडे क्लार्क तिथेच उभे होते, त्यांनी त्यांतली एक उचलून सुलटी केली, ती त्यांच्याच जुन्या स्कूटरची निघाली. बावीस वर्षं ते तिच्यावरून ऑफिसला आले आणि गेले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि पाटी ढिगात परत ठेवलीच नाही. शासकीय मालमत्ता काखेत धरून ते उरलेली सुनावणी उभे होते आणि कुणी त्यांना हटकलं नाही.

मला वाटलं, सुटलो. निरीक्षकही निवळले. म्हणाले, "ठीक आहे पेंटर, तुमचं म्हणणं पटलं. फक्त एक करा. बंदी आल्यापासून मी एकही नंबरपाटी रंगवलेली नाही, असं शपथेवर लिहून द्या आणि जा." कागद पुढे आला. मी पेन हातात घेतलं. आणि दाजी, हात थरथरला. तुम्ही भाषणात म्हणाला होतात तसाच. मी म्हटलं पेन चालत नाही. बड्या क्लार्कनी त्यांचं दिलं. तेही चालेना. शिपायाने दिलेलं तिसरं इतकं उत्तम चाललं की मला ते खाली ठेवावं लागलं. साहेब तिन्ही पेनं ओळीत मांडत म्हणाले, विचार करून या. पुढची तारीख बारा.

तर असं सगळं कुशल आहे. नव्या पद्धतीने आमचं आयुष्य किती सुरळीत झालं हे तुमच्या कानावर घालावं, एवढाच हेतू. घरी सगळ्यांना माझा नमस्कार. (सगळे म्हणजे सध्या तुम्हीच, कारण ताई इथे आहे.) 

तुमचा,
मेहुणा

ता. क. – आईने खाली लिहायला सांगितलं आहे की तिच्या गोळ्यांचं एक पाकीट कमी भरलं होतं, ते दुकानदाराची चूक नव्हती. त्या पाकिटाची चांदी मी घेतली होती. कशाला, ते पुढच्या ता. क.मध्ये.

दुसरा ता. क. – दाजी, बसून वाचा. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी तुम्ही आमच्याकडे जेवून एक ते चार झोपला होतात. त्या वेळात ताईने तुमची गाडी सावलीत लावायला म्हणून घेतली आणि दारातल्या हातपंपाच्या कट्ट्याला टेकवली. गाडीला ओरखडा नाही, पण पुढची पाटी वहीच्या पानासारखी दुमडली. नवी यायला एकवीस दिवस, आणि तुम्ही उठायला अडीच तास. ताई दुकानात आली आणि तिने एक कोरा पत्रा उचलून माझ्यापुढे ठेवला. लहानपणी माझी पाटी फुटली की ती तिची मला द्यायची आणि स्वतः गुरुजींच्या छड्या खायची, हे तुम्हाला सांगितलं नसेल तिने. मी सामान घरी आणलं आणि परसात पत्रा कापला. आकडे वर उठावेत म्हणून लांबीचे, म्हणजे पुट्टीचे, चार थर दिले, रंग ताईच्या केस वाळवायच्या यंत्राने वाळवला, शिक्का आईच्या गोळ्यांच्या चांदीचा. आई दारात खुर्ची टाकून, तुम्ही कूस बदलली की खोकत होती. दूधवाल्याला मी नाही म्हटलं आणि बहिणीला नाही म्हणालो नाही, याबद्दल देवापुढे मान खाली घालूनच बसतो हल्ली. पण जो नंबर त्या दिवशी पडद्यावर अक्षरन् अक्षर उमटला, ज्यावर दांडा वर गेला, आणि ज्याच्या साक्षीने तुम्ही यंत्राच्या अचूकतेवर बोललात, तो माझ्या हातचा आहे. तीन महिने तुम्ही तीच पाटी लावून आठव्या मजल्याखाली गाडी उभी करता. कॅमेऱ्याची एकही तक्रार नाही, असं ताई सांगते.

तिसरा ता. क. – तर विनंती अशी. खोटी शपथ मी घेणार नाही, आणि खरं बोललो तर साहेब विचारतील, कोणाची पाटी? तेव्हा एक तर बारा तारखेच्या आत तो शपथेचा कागद नियमात आवश्यक नाही असं वरून कळवा, नाहीतर त्या दिवशी स्वतः या आणि माझ्या शेजारी उभे राहा. मी धमकी देत नाही, मला ती देता येत नाही, सवय नाही. मी फक्त तारीख कळवतोय. परवाना राहिला तर बरं, एवढंच.

चौथा ता. क. – हे सगळं ताईला विचारूनच लिहिलं आहे. ती म्हणाली, "लिही, पण मी माहेरी पोहोचल्यावर टाक." राग शांत झाला की तिला न्यायला या. घाई नाही, आईला सोबत होते.

शेवटचा – माझ्यावर विश्वास नसेल तर पाटी काढून उलटी करून बघा. (रिव्हेटचं फक्त डोकं आहे, आत साधा स्क्रू आहे.) एरवी मी "ये" लिहितो. तुम्ही वडीलधारे, म्हणून तिथे "सुखरूप या" आहे, देशात तशी एकच. बघून झाली की परत नीट बसवा, पुसू नका. आणि बाराला निघालात तर गाडी सावकाश चालवा. बाकी मागे लिहिलेलं आहेच.